उभ्या बाटल्यांची भिशी

"ही दारू नाही रे, इस्टेट आहे. बोट लावलंस तर बोट मोडीन."

स्टोअरच्या जाळीपलीकडून हे वाक्य कानावर आलं तेव्हा मी खिडकीशी जुना कार्बन पेपर घेऊन उभी होते. आमच्या कारखान्यात नवा कार्बन हवा असेल तर जुना जमा करावा लागे. स्टोअरकीपर काका तो ट्यूबलाइटसमोर धरत, एक डोळा मिटत, आणि त्यातून उजेड किती आरपार येतो ते पाहून कार्बन खरोखर मेला आहे की मी उगाच त्याला मारते आहे, हे ठरवत. पेन्सिल हवी तर जुन्या पेन्सिलीचं बुटुक. झाडू हवा तर जुन्या झाडूची मूठ. वॉचमनची शिट्टी हरवली तेव्हा जमा करायला जुनी शिट्टी नाही म्हणून तो चार महिने तोंडाने आवाज काढत फिरत होता.

आत दळवी टर्नर पॉलिश पेपर न्यायला आला होता. सगळ्यात वरच्या फळीवर, सुती चिंध्यांच्या गठ्ठ्याशेजारी, चार बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांतल्या एकीकडे त्याचा हात गेला असणार.

"इस्टेट?" दळवी म्हणाला. "मग सातबारा दाखवा."

काकांनी खरंच खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. ते दारूचं सरकारी परमिट होतं. तेव्हा बाटली जवळ ठेवायची तर परमिट लागायचं आणि परमिटसाठी, या इसमास प्रकृतीच्या कारणास्तव मद्याची आवश्यकता आहे, असं डॉक्टरचं लिहून आणावं लागायचं. काका आयुष्यात थेंब न प्यायलेला माणूस. खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मग घ्यायचे.

"सरकारदरबारी मी दारुडा आहे," कागद परत घडी घालत ते म्हणाले. "सोप्पं नाही रे हे. गुंतवणुकीला त्याग लागतो."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "काय गो, संपला पण कार्बन? खातेस की काय?"

मी कार्बन जाळीतून पुढे सरकवला. मी तेव्हा कुणाशीच काही बोलत नसे. शाळा कॉन्व्हेंटची, घर मराठी. त्यामुळे इंग्रजी शाळेपुरतं, मराठी घरापुरतं, आणि बाहेर कुठे बोलायची वेळ आली तर दोन्ही भाषा एकमेकींकडे बोट दाखवून गप्प बसत. टायपिस्टची नोकरी त्यासाठीच बरी वाटली होती. दुसऱ्याचे शब्द असतात, आपण फक्त बोटं हलवायची.

कारखाना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका गल्लीच्या टोकाला. आम्ही कापड गिरण्यांच्या मागांचे सुटे भाग बनवत होतो. गिरण्या बंद पडल्या आणि आमच्याकडची मागणी आटली. शेठने आधी ओव्हरटाइम बंद केला, मग चहाबरोबरची बिस्किटं, मग आठवड्याचे तीन दिवस. मंदीवर ज्याने त्याने आपापला उपाय काढला. दळवीने रिक्षाचा बॅज काढला. पॅकिंगच्या बायकांनी पापड लाटायला घेतले. काकांनी वाइन घेतली.

ही अक्कल त्यांना अंधेरी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे मिळाली. एका परदेशी मासिकात तळघराचा रंगीत फोटो होता. कमानी, अंधार, आणि भिंतभर बाटल्या. स्टोअरकीपर माणूस, इतका व्यवस्थित लावलेला माल पाहून त्यांचा ऊर भरून आला असणार. मजकूर इंग्रजीत होता. डबा खाऊन झाल्यावर त्यांनी मासिक माझ्यापुढे ठेवलं.

"वाच गो मोठ्याने. अर्थासकट वाच."

दळवी होता, पॅकिंगच्या दोन-तीन जणी होत्या. माझे कान तापले. वाइन कशी सांभाळावी याची एक चौकट होती, तिच्यापासून मी सुरुवात केली. बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं.

"आडवी?" काका म्हणाले. "आडवं आजाऱ्याला ठेवतात. गळेल ना सगळी. हे त्यांचं छापताना चुकलंय. पुढे."

जागा थंड हवी. स्टोअरवर सिमेंटचे पत्रे होते; मे महिन्यात आत उभं राहिलं की केसांतलं तेल वितळून मानेवर यायचं. "टेबल फॅन लावू," काका म्हणाले.

बाटलीला हादरे बसू नयेत. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता. तो सुरू झाला की फळीवरचे नट-बोल्टसुद्धा एकमेकांत कुजबुजायचे. "होईल सवय," काका म्हणाले. "मला झालीच ना?"

पुढची ओळ लेबलाची होती. बाटलीवरचं मूळ लेबल कधीही काढू नये, ते मळलं असलं तरी पुसू नये, लेबल गेलं की बाटलीची किंमत गेली. मी ती ओळ पाहिली. मनातल्या मनात मराठीतही करून ठेवली. पण प्रत्येक ओळीला उत्तर देणाऱ्या माणसासमोर वाचणं म्हणजे भिंतीवर चेंडू टाकण्यासारखं असतं, आणि मला खेळात कधीच गती नव्हती. काकांनी बोट वर केलं.

"ते सांभाळायचं राहू दे. सांभाळण्यात आपलं आयुष्य गेलं. भावाचं वाच."

मी भावाचं वाचलं.

मंदीत शेअर पडतात, जागांचे भाव पडतात, पण उत्तम वाइन जितकी जुनी तितकी महाग होते, अशा अर्थाचं काहीतरी होतं. शेवटचं पान रद्दीवाल्याकडेच राहिलं होतं, त्यामुळे 'परंतु' या शब्दावर लेख तुटला होता. त्या परंतुच्या पुढे काय होतं, याची काकांना कधीच काळजी वाटली नाही.

"ऐकलंस?" ते दळवीला म्हणाले. "सगळं पडतं. वाइन पडत नाही."

"पडली तर फुटते," दळवी म्हणाला.

बाटल्या आणायचा काकांचा मेहुणा. तो मालवणकडचा, बोटीवर कामाला होता. बोट लागली की दोन-तीन बाटल्या यायच्या. त्या कुठल्या, कसल्या, बऱ्या की वाईट, हे मेहुण्यालाही माहीत नसावं. लेबलावर फ्रेंच असायचं. काका बाटली माझ्यापुढे धरायचे. "वाच." मला फ्रेंच येत नाही हे सांगायला एक पूर्ण वाक्य लागलं असतं. त्याऐवजी मी लेबलाकडे बघत राहायचे. थोड्या वेळाने काका स्वतःच मान डोलवायचे आणि सगळ्यांना सांगायचे, "बघितलं तिने. ठीक आहे म्हणते."

माझ्या गप्प बसण्याचा असा होकार झालेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. पुढे त्याची मलाही सवय झाली.

बाटल्या घरी का नेत नाहीत, असं दळवीने एकदा विचारलं. काका जोगेश्वरीला बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहत. तिथे काकूंचं राज्य होतं. ज्या घरात गणपती येतो त्या घरात बाटली येणार नाही, असं काकूंनी एकदा सांगितलं होतं, आणि त्या दुसऱ्यांदा सांगत नसत. म्हणून शेठच्या कुलपात, शेठच्या फळीवर, शेठच्या टेबल फॅनच्या वाऱ्यात इस्टेट वाढत होती. शेठला याचा पत्ता नव्हता. मंदी आल्यापासून शेठ स्टोअरकडे फिरकत नसे, कारण तिथे न विकलेला माल दिसायचा.

एकट्याला परवडेना तेव्हा काकांनी भिशी काढली. सगळ्या भिश्यांत असतं तसंच होतं: दर महिन्याला प्रत्येकाने थोडे थोडे टाकायचे आणि चिठ्ठी काढायची. फरक इतकाच, की इतर भिश्यांत जिंकणाऱ्याला पैसे मिळतात, काकांच्या भिशीत बाटली मिळायची, आणि तीही हातात नाही. ती स्टोअरमध्येच राहायची. मालकाला मिळायचं बिन कार्ड, फळीवरच्या प्रत्येक वस्तूला असतं तसं पुठ्ठ्याचं. दळवीने थट्टा करत करत दोन नावं घातली. वॉचमनने घातलं. मला कुणी विचारलं नाही. माझं नाव यादीत मला टाइप करतानाच दिसलं. मी ते टाइप केलं. मधे एका महिन्यात मला चिठ्ठीही लागली.

मे महिन्यात एका दुपारी स्टोअरमधून ठो असा आवाज आला. आम्ही धावलो. वरच्या फळीवरची एक बाटली बूच उडवून मोकळी झाली होती आणि पॉलिश पेपरच्या गठ्ठ्यावरून लाल ओघळ खाली येत होता. काका स्टुलावर चढून चिंधीने ते पुसत होते, जखम पुसावी तसे. दळवीने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट ढाण! काका, ही तर कोकमाची आगळ झाली."

"आगळ?" काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे पिकतेय. बरोबर चाललंय."

मी काकांची टवाळी करते आहे हे मला कळतं. पण त्यांचा एक गुण सांगायला हवा: ते कुणाला फसवत नव्हते. स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडावर कर्ज काढून त्यांनी सगळ्यांत जास्त बाटल्या स्वतःच्याच नावावर घेतल्या होत्या. फसवणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं. काका त्या बाबतीत अगदी निर्मळ होते.

मग आली खंडेनवमी. आदल्या दिवशी कारखाना धुवायचा. लेथ घासायचे, हातोडे, पाने, मोजपट्ट्या केरोसीनने पुसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. माझ्या टाइपरायटरलाही झेंडूची माळ पडायची. दसऱ्यानंतर आठवडाभर पत्रांवर एखादं पिवळं बोट उमटायचं. स्टोअर हे काकांचं देऊळ. त्यांनी फळी न् फळी रिकामी केली, आणि बाटल्यांची पाळी आली.

मी टाइप करायची बिन कार्डं घ्यायला गेले तेव्हा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बारा बाटल्या मानेपर्यंत उभ्या होत्या. आपल्याकडे सरबताची बाटली रिकामी झाली की हेच करतात. रात्रभर भिजत घालायची, लेबल सोलायचं, पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवायची. फक्त ती रिकामी असते. पाण्यावर लेबलं तरंगत होती. काका एकेक उचलून, पिळून, चिंध्यांच्या डब्यात टाकत होते.

"मळकट होती अगदी," ते म्हणाले. "एकावर तर बुरशी. आणि ऐक, लेबल असलं की चोराला किंमत कळते. स्टोअरमधल्या मालाला स्टोअरचाच नंबर पाहिजे. चल, कागदाच्या पट्ट्यांवर टाइप करून दे. डब्ल्यू एक ते डब्ल्यू बारा. खाली वाइन, लाल, मोठी."

जाळीबाहेरच्या माझ्या टेबलावर बसून मी डब्ल्यू एक टाइप केलं. डब्ल्यू दोन. तिसऱ्या पट्टीवर माझी बोटं थांबली. ती चौकट, तिच्यातली ती ओळ, ती पानावर डावीकडे होती हेही मला आठवत होतं. अजून चार लेबलं बाटल्यांना चिकटलेली होती. मी बोलले असते तर चार वाचली असती.

"काय गो," काका बादलीवरून ओरडले, "रिबन अडकली?"

मी मान हलवली आणि पुढे टाइप केलं. वाइन, लाल, मोठी. डब्ल्यू सहा माझी होती.

कारखाना पुढे दोन वर्षांनी कायमचा बंद झाला. त्यानंतर एकदा मी जोगेश्वरीला काकांच्या घरी गेले होते. काकूंनी पाणी आणलं. थंडगार, खांद्याला रुंद अशा हिरव्या बाटलीतून पेल्यात ओतलं. बाटलीच्या पोटावर पट्टीचा अर्धा तुकडा अजून चिकटून होता: मोठी. काका खाटेवर बसले होते. म्हणाले, "त्या हॉटेलवाल्याला घाई होती गो. आज आला असता तर?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेला पुन्हा भरला.

तो हॉटेलवाला म्हणजे जुहूच्या एका हॉटेलात बारचं काम बघणारा माणूस. दळवीच्या रिक्षात एकदा बसला आणि दळवीने त्याला गळ घातली. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दुपारी तो आला. त्याचे बूट इतके चकचकीत होते, की स्टोअरच्या दारात तो क्षणभर थबकलाच. भिशीतले सगळे जाळीबाहेर उभे होते. आणि त्यांच्या मागे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, शेवंताबाई उभ्या होत्या.

शेवंताबाई पॅकिंगमध्ये होत्या. भिशीत नव्हत्या, महिन्याचे पैसेच निघत नसत. त्यांचा नवरा गिरणीत होता, दीड वर्ष घरी बसलेला. खोलीचं भाडं थकत चाललं होतं. आठवडाभर त्या काकांना विचारत होत्या, की दर महिन्याला न देता एकदम दिले तर अख्खी बाटली नावावर होते का.

हॉटेलवाल्याने फळीकडे पाहिलं. बारा बाटल्या, धुतलेल्या, उभ्या, प्रत्येकीला कपाळावर हळदकुंकू आणि पोटावर माझी पट्टी. त्याने एक खाली घेतली, उलटसुलट फिरवली.

"लेबल?"

"हे काय," काकांनी पट्टीवर बोट ठेवलं. "डब्ल्यू चार. आणि हे बिन कार्ड. आवक तारखेसकट."

"तसं नाही. ओरिजिनल. कुठली आहे, कधीची आहे?"

"बोटीवरची आहे," काका म्हणाले.

हॉटेलवाल्याने बाटली ट्यूबलाइटसमोर धरली, एक डोळा मिटला, अगदी काका माझा कार्बन बघत तशी. आत वाइन मानेपासून बरीच खाली उतरली होती. त्याने बूच दाबलं. ते सुकून सैल झालं होतं. बाटली परत ठेवली, रुमालाने हात पुसले.

"काका, कोशिंबिरीत घाला," तो म्हणाला. चेष्टेने नाही, समजावल्यासारखं. "लेबल असतं तर निदान विचारलं असतं कुणीतरी." आणि तो गेला. दळवी त्याला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.

पलीकडे कॉम्प्रेसर सुरू झाला आणि बाटल्या फळीवर किणकिणायला लागल्या. मला वाटलं, काका आता बसतील. पण त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं आणि आमच्याकडे वळले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बघितलंत? पाडून मागतोय. ज्याला नको असतं तो हात पुसून जातो का? हा परत येणार. आणि मेहुण्याची बोट पुढच्या आठवड्यात लागतेय. भाव वाढायच्या आत घ्यायची असेल तर हीच वेळ." मग आवाज उतरवून म्हणाले, "मी कुणाला आग्रह करत नाही हां."

खरंच करत नव्हते. वॉचमन पाय ओढत गेटकडे गेला. बाकीचे पांगले. शेवंताबाई पुढे आल्या.

त्यांनी कमरेचा रुमाल सोडला. आत दोन पाटल्या होत्या. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या राहिल्या होत्या आणि मनगटावर, पाटल्या असायच्या तिथे, कातडी जरा फिकट दिसत होती.

"काका, तुम्हीच सोनाराकडे नेऊन द्या. मला तो मोडीत काढेल. एवढ्यात होईल ना एक?"

"होईल," काका हळूच म्हणाले. त्यांनी पाटल्या लगेच उचलल्या नाहीत, एवढं मी पाहिलं. "घरात विचारलंय ना पण?"

"यांना सांगितलं मी," शेवंताबाई म्हणाल्या. "म्हटलं, पुस्तकात छापलंय. इंग्रजीत. आमच्या ताईंनी स्वतः वाचलंय सगळ्यांसमोर. त्या कधी वाह्यात बोलायच्या नाहीत." आणि त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आभार मानावेत तशी. "हो ना ताई?"

त्या आधीच्या वर्षभरात मी त्यांच्याशी एकूण दहा वाक्यंही बोलले नसेन. माझ्या गप्प बसण्याला त्या प्रामाणिकपणा समजत होत्या.

काकांनी माझ्या टेबलावर कोरं कार्ड ठेवलं. "घाल गो मशीनमध्ये. डब्ल्यू तेरा. मालक, शेवंताबाई. साक्षीदार म्हणून खाली तुझी सही कर, म्हणजे कागद पक्का."

मी कार्ड रोलरमध्ये घातलं. सरळ केलं. डब्ल्यू टाइप केला. एक टाइप केला. तीनच्या बटणाच्या कडेला अजून दसऱ्याचं कुंकू होतं, ते बोटाला लागलं. काकांचा हात रुमालाकडे गेला.

मी थांबले.

"काय गो," काका म्हणाले, "रिबन अडकली?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. कॉम्प्रेसर चालू होता म्हणून असेल. "लेबल कधी काढायचं नाही, असं त्या मासिकात लिहिलं होतं. मी ती ओळ वाचली नव्हती. शेवंताबाई, पाटल्या हातात घाला."